नवजात वगळून

भोकरदन
१३ जून २००४

चि. मच्छिंद्र यास रखमाजी मास्तरचे भरपूर आशीर्वाद, आणि आशीर्वादामागून एक काम.

परवा लग्नाच्या पंगतीत तू माझ्या शेजारी बसलास. पुण्याच्या मेडिकल कॉलेजात तू ग्रंथपाल आहेस हे मला ठाऊक होतं, पण तिथं दिवसभर काय करतोस ते त्या दिवशी कळलं. तू म्हणालास, "गुरुजी, आता कॉम्प्युटरला एकदा शब्द सांगून ठेवायचे. जगात कुठंही त्या विषयावर नवीन लेख छापून आला, की तो आपण होऊन कळवतो." तेव्हा माझं लक्ष मठ्ठ्यात होतं. घरी आलो आणि डोक्यात चक्र सुरू झालं.

माझी नात गिरिजा, म्हणजे सर्जेरावची मुलगी, आता सहा वर्षांची होईल. तिला मधुमेह आहे. एवढ्याशा लेकराला हा आजार होतो, हे मला साठी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. माझी सून उषा देते. बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतो. पोर रडत नाही, दंड पुढे करते आणि छताकडे बघते. ते बघवत नाही म्हणून मी त्या वेळेला काही ना काही काम काढून अंगणात जातो.

परवा तिनं विचारलं, "आबा, मला कुठंच राहायला का जाऊ देत न्हाई?" मी अडतीस वर्षं पोरांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. हिला मात्र 'मोठी झालीस की जा' एवढंच म्हणालो. सुई आणि आई जिथं, तिथंच ती.

तर तुझ्या त्या कॉम्प्युटरला आमच्या गिरिजेचं काम लाव. आमचे इथले डॉक्टर भले आहेत, पण दारात शंभर माणसं बसलेली असतात. जगभरचं ते कधी वाचणार? सुईवाचून दुसरं काही निघालं, तर ते आम्हाला कळायला हवं. एवढंच मागणं.

तुझा
रखमाजी मास्तर


पुणे
२ जुलै २००४

आदरणीय गुरुजींना पाचवी ब मधल्या मच्छिंद्रचा वाकून नमस्कार.

तुम्ही मला काम सांगितलंत याचा किती आनंद झाला ते लिहून कळणार नाही. शाळेच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली तुम्ही माझ्या हाती दिली, तेव्हा हेडमास्तर म्हणाले होते, "या पोराच्या घरी एक कागद न्हाई, अन् किल्ली याला?" त्या किल्लीवर आजवर माझं घर चाललंय. आता तुमच्यासाठी चार शब्द शोधायचे, हे काही काम झालं का?

पत्र आलं त्याच दुपारी बसलो. जगभरच्या वैद्यकीय मासिकांत कोणता लेख आला त्याची एक मोठी यादी असते, तिला आम्ही डेटाबेस म्हणतो. त्यात आपले शब्द भरायचे आणि अलर्ट चालू करायचा. मग दर सोमवारी नव्या लेखांची नावं ई-मेलने येतात. पूर्वी हेच काम मी प्रत्येक डॉक्टरच्या नावाचं कार्ड करून, मासिकं चाळून करायचो. आता यंत्र करतं, आणि कुरकुर करत नाही.

पण पहिल्याच झटक्याला मी माती खाल्ली. घाईत नुसता 'मधुमेह' शब्द टाकला. सोमवारी तीनशे लेख! निम्मे उंदरांवरचे. माझी मेलची पेटी तुडुंब भरली आणि आमच्या प्राचार्यांचं पत्र परत गेलं. त्यांनी बोलावून विचारलं, "तुम्हाला स्वतःला काही त्रास आहे का?"

म्हणून नेमकं सांगा : गिरिजेची साखर पहिल्यांदा कळली तेव्हा तिचं वय काय होतं? डेटाबेसमध्ये नवजात, तान्हं, बालक असे वयाचे वेगवेगळे कप्पे आहेत. कप्पा बरोबर निवडला, की कचरा येत नाही.

तुमचा
मच्छिंद्र


भोकरदन
१५ जुलै २००४

चि. मच्छिंद्र, उंदरांनाही आशीर्वाद सांग.

वय दीड वर्ष. यात तसूभर शंका नको, माझ्या रोजनिशीत आहे. सर्जेराव तेव्हा एसटीत अंबडला होता आणि बिऱ्हाडही तिकडंच होतं. ३ फेब्रुवारी २००० ला सूनबाई नातीला घेऊन इकडं राहायला आली. दुसऱ्या दिवशी तिनं मला आणि तिच्या सासूला, साळूबाईला, सांगितलं, की पोरीला नुकतीच साखर निघाली. साळूबाई आज नाही, पण ती असती तरी तिनं हेच सांगितलं असतं.

दवाखान्यातही सगळी माहिती मीच देतो. सर्जेराव गाडीवर, आणि सूनबाई शेजारी बसलेली असते, तिला चार माणसांत बोलायला लावणं बरं दिसत नाही. तेव्हा मी सांगतो ते पक्कं धर.

रखमाजी मास्तर


पुणे
९ ऑगस्ट २००४

आदरणीय गुरुजी, या वेळचा नमस्कार मोकळ्या पेटीतून.

तुमच्या रोजनिशीचे उपकार. अलर्ट नव्याने लावला : मधुमेह, लहान मुलं, इन्सुलिन, उपचार. आणि शेवटी एक अट घातली, 'नवजात वगळून'. जन्मल्यावर लगेच साखर होणारी बाळं फार विरळा, आणि त्यांचं दुखणंच वेगळं असतं. ते लेख आपल्याला उगाच चकवतात. या दोन शब्दांनी काय जादू केली बघा, तीनशेचे अकरा झाले!

ते अकरा मी दर आठवड्याला वाचीन, आमच्या डॉक्टरांना विचारीन, आणि महिन्याला एकदा मराठीत सार लिहून पाठवीन. तुम्ही ते घरात मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे गिरिजेलाही कळेल, की तिच्यासाठी कुठंतरी कुणीतरी डोकं चालवतंय.

तुमचा
मच्छिंद्र


भोकरदन
२ जुलै २००६

चि. मच्छिंद्र, तुझ्या बावीस पत्रांची थप्पी पुढ्यात घेऊन लिहितो आहे.

दोन वर्षांत तू एक महिना चुकवला नाहीस. सुई सुटण्यासारखं काही सापडलं नाही, हे खरं. तरी तुझे उपकार कमी होत नाहीत. सुईची जागा रोज बदलावी हे तुझ्या पत्रातून कळलं, त्यावर पोरीच्या दंडावरच्या गाठी गेल्या. आता घरात तुझं पत्र म्हणजे सणच. मी ओट्यावर बसून वाचतो, गिरिजा मांडीशी, आणि सूनबाई उंबऱ्याशी तांदूळ निवडत ऐकते.

मागच्या रविवारी गिरिजेनं हट्ट धरला, की पहिल्यापासून सगळी पत्रं वाचा. ती पहिली पत्रं आली तेव्हा सूनबाई अंगणवाडीत कामावर असायची, तिनंही ऐकली नव्हती. वाचता वाचता पोरीनं विचारलं, "नवजात वगळून म्हंजी काय, आबा?" मी म्हणालो, "ज्यांना जन्मल्या जन्मल्या साखर झाली ती बाळं. त्यांचं आपल्याला काही काम न्हाई."

सूनबाई तांदूळ तसेच टाकून आत गेली. आठवडा झाला, धड जेवत नाही. मी समजू शकतो. पोटच्या पोरीच्या आजाराचं सारखं ऐकून माणूस थकतंच. म्हणून पुढचं पत्र जरा हसरं लिही, उंदरांचं वगैरे.

रखमाजी मास्तर


भोकरदन
११ जुलै २००६

मच्छिंद्रदादांना,

मी गुरुजींची सून, उषा. हे पत्र लिहिल्याचं गुरुजींना माहीत नाही. म्हणून उत्तर घरी पाठवू नका. खाली अंगणवाडीचा पत्ता दिला आहे, तिथं पाठवा.

दादा, गिरिजेला साखर दीड वर्षाची असताना झाली नाही. सेहेचाळीस दिवसांची असताना झाली.

मी बाळंतपणाला माहेरी होते. पोर सारखं दूध मागायची आणि दुपटी सारखी ओली. वजन काही वाढेना. मग एका सकाळी तिचा श्वास भराभर चालायला लागला आणि डोळे उघडेना. आईनं आणि मी तिला जालन्याला नेलं. अकरा दिवस दवाखान्यात होतो. तिथं पहिली सुई दिली. तिथला कागद माझ्या पेटीत साड्यांखाली आहे, त्यावर वय लिहिलेलं आहे.

तुम्ही म्हणाल, खोटं का सांगितलं. माझी आत्या साखरेनं गेली होती. माझं लग्न ठरताना सासूबाई म्हणाल्या, "ज्या घरात साखर हाय, त्या घरची पोर मला नको." तेव्हा गुरुजी एकटे उभे राहिले. म्हणाले, "पोर शिकलेली हाय, गुणाची हाय. पुढं काय झालं तर मला बोला, मी जबाबदार." चार माणसांत शब्द टाकला. आणि दोन वर्षांत हे झालं. मी ह्यांना म्हणाले, "आपण सांगितलं तर घरात रोज गुरुजींचाच उद्धार होईल." म्हणून दीड वर्ष अंबडला लपवलं. भोकरदनला आल्यावर सुई लपणार नव्हती, तेव्हा नुकतीच निघाली असं सांगितलं. सासूबाई गेल्या, पण खोटं तसंच राहिलं. दवाखान्यात गुरुजी एवढ्या खात्रीनं "दीड वर्ष" सांगायचे, की मला तोंड उघडायची हिंमत झाली नाही. वयानं काय फरक पडतो, साखर ती साखर, असंही वाटायचं. परवा तुमचं पत्र ऐकलं आणि पायाखालची जमीन सरकली.

दादा, ती अट काढता का? तुम्ही जे बाळ वगळलं, ते माझंच आहे.

उषा


पुणे
१४ ऑगस्ट २००६

उषाताई,

डॉक्टरांशी बोलून मगच लिहायचं, म्हणून उत्तराला महिना लागला. तुमचं पत्र वाचलं आणि त्याच क्षणी अट काढली. मग कळलं, की एवढ्यानं भागणार नाही. अलर्ट पुढे येणारं सांगतो, मागे राहून गेलेलं सांगत नाही. म्हणून दोन दिवस रजा टाकली आणि गेल्या दोन-अडीच वर्षांतलं हातानं शोधलं.

ताई, बसून वाचा.

मी तुमच्यासाठी अलर्ट लावला, त्याच्या आधी दोन-तीन महिने एक लेख आला होता. सहा महिन्यांच्या आत ज्या बाळांना साखर होते (मासिकं त्यालाही 'नवजात' मधुमेहच म्हणतात), त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं नेहमीच्या मधुमेहासारखं नसतं. त्यांच्या पोटात इन्सुलिन तयार होतं, पण बाहेर पडत नाही, कारण पेशीमधलं एक दार जन्मतः नीट मिटत नाही. आणि याच महिन्यात दुसरा लेख आला. अशा एकूणपन्नास जणांना सुईऐवजी गोळी देऊन पाहिली. ती गोळी ते दार मिटवते. चव्वेचाळीस जणांची सुई सुटली. गोळीचं नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलं आहे.

हे वाचून मी उठून ग्रंथालयाच्या गच्चीवर गेलो. दोन वर्षं दर सोमवारी मी माझ्याच हातानं गिरिजेला यादीबाहेर ठेवत होतो. बाळाचं वय विचारायचं, तर ते आईला विचारावं, एवढं साधं मला सुचलं नाही. माफ करा.

आता दोन गोष्टी. तपासणी झाल्याशिवाय आणि डॉक्टरांच्या नजरेखाली असल्याशिवाय ती गोळी द्यायची नाही, आणि सुईही थांबवायची नाही. एकूणपन्नासातले पाच तसेच राहिले, हे विसरायचं नाही. इथल्या एका डॉक्टर बाईंशी मी बोललो आहे. त्या गिरिजेचं रक्त परदेशातल्या प्रयोगशाळेत पाठवतील. त्यांना तुमच्या पेटीतला तो कागद हवा आहे.

दुसरी गोष्ट अवघड आहे. पुण्याला यायचं, तर गुरुजींना सांगावं लागेल. मी सांगणार नाही, तो हक्क तुमचा आहे. पण ताई, चाळीस पोरांच्या वर्गात खोटं बोलणाऱ्यावर ते कधी चिडायचे नाहीत. "कशाला भ्यालास?" एवढंच विचारायचे.

तुमचा भाऊ
मच्छिंद्र


भोकरदन
३ सप्टेंबर २००६

चि. मच्छिंद्र, आज आशीर्वाद द्यायची माझी लायकी आहे की नाही, त्याचा विचार करतो आहे.

सूनबाईनं काल सकाळी चहाबरोबर तो कागद माझ्यापुढं ठेवला. म्हणाली, "मामा, मी सहा-सात वर्सं तुमच्याशी खोटं बोलून राह्यले." मी कागद वाचला. वय : ४६ दिवस. पुन्हा वाचला. विचारलं, "कशाला भ्यालीस गं?" तर म्हणे, "माझ्यासाठी न्हाई भ्याले. तुमचा शब्द खाली पडला असता."

राग आला. तिच्यावर दहा मिनिटं होता, माझ्यावर अजून आहे. प्रत्येक दवाखान्यात ती शेजारी बसली होती, खरं उत्तर पदराखाली घेऊन, आणि मी फाडफाड खोटं सांगत होतो. माझ्या रोजनिशीवर माझा केवढा विश्वास! रोजनिशीत मी ऐकलेलं लिहिलं, बघितलेलं नाही. हीच चूक पोरांनी निबंधात केली, तर मी लाल शाईनं गोल करायचो. आणि एका लेकीनं माझ्या शब्दासाठी एवढं ओझं एकटीनं वाहिलं, हे माझ्यानं सोसवत नाही. तिच्यापुढं हात जोडले. ती रडली, मीही रडलो. गिरिजा म्हणाली, "आता शाळेला उशीर होऊन राह्यला."

आता जरा हस. तुझ्या चिठ्ठीवरचं गोळीचं नाव वाचलं आणि कोनाड्यातली डबी उघडली. तीच गोळी! मला चार वर्षांपूर्वी साखर निघाली, तेव्हापासून रोज सकाळी ती मी घेतो. ज्या घरात साखर त्या घरची पोर नको म्हणणाऱ्या साळूबाईच्या नवऱ्यालाच साखर, आणि औषध त्याच्याच कोनाड्यात. त्यातली अर्धी पोरीला द्यावी असा मोह झाला, खोटं कशाला बोलू. सूनबाईनं माझं तोंड बघूनच ओळखलं. डबी उचलून पेटीत ठेवली, वर कुलूप. आता माझी गोळीही मला मागून घ्यावी लागते.

येत्या सोमवारी आम्ही निघतो. सर्जेरावनं रजा काढली आहे.

रखमाजी मास्तर


पुणे
१८ डिसेंबर २००६

आदरणीय गुरुजी, उषाताई, सर्जेराव आणि गिरिजा, सगळ्यांना एकाच पत्रात नमस्कार, कारण चार पत्रं लिहिण्याएवढा धीर नाही.

निकाल आला. गिरिजेचं दुखणं तेच आहे, दार नीट न मिटण्याचं. डॉक्टर बाई म्हणतात, तिच्या रक्तात सापडलेला बदल गोळीला चांगली दाद देणाऱ्यांपैकी आहे. शंभर टक्के खात्री कुणी देत नाही. पण जानेवारीत दहा दिवस दवाखान्यात ठेवून गोळी हळूहळू वाढवायची आणि सुई हळूहळू कमी करायची, असं ठरलं आहे. राहायला माझं घर आहे. हिनं आत्ताच गाद्यांना ऊन दाखवलं.

गुरुजी, सप्टेंबरात डॉक्टर बाईंनी विचारलं, "केव्हापासून?" तेव्हा तुम्ही तोंड उघडलंत, मिटलंत, आणि सुनेकडे पाहिलंत. मी मागे उभा होतो. तुमच्याकडून आजवर पुष्कळ शिकलो, पण तो धडा सगळ्यात मोठा. दुसऱ्याच दिवशी ग्रंथालयातला अलर्टचा अर्ज नव्याने छापून घेतला. वयाच्या रकान्याखाली आता एक नवा रकाना आहे : 'ही माहिती कोणी दिली?' डॉक्टर लोक हसतात. हसू देत, पण भरतात.

तुमचा
मच्छिंद्र


भोकरदन
२६ फेब्रुवारी २००७

मच्छिंद्रदादा आणि वहिनी,

घरी येऊन तीन आठवडे झाले. तुमच्या घरी दहा दिवस राहिलो, वहिनींनी मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही, याचं कसं आणि काय लिहू. दादा, आभार मानायचे तर सुरुवात कुठून करायची ते समजत नाही. तुम्ही अट काढली त्याचे मानू, की माझं पत्र वाचून मला दोष दिला नाही त्याचे?

साखर ताब्यात आहे. सकाळ-संध्याकाळ गोळी, बाकी काही नाही. इथले डॉक्टर दोनदा मोजून बघतात, पुन्हा पुण्याचे कागद बघतात. परवा त्यांनी आपल्या वहीत त्या आजाराचं नाव माझ्याकडून लिहून घेतलं. गुरुजी तुम्हाला सांगायला सांगतात, की अलर्ट बंद करू नका, त्यांना पत्रं वाचायची सवय लागली आहे. खरं म्हणजे अशी बाळं अजून असतील, म्हणून त्यांना तो चालू हवा आहे.

काल शाळेची सहल जांब समर्थला गेली. गिरिजा आठ वर्षांची झाली, पण आजवर एकाही सहलीला गेली नव्हती. मास्तर न्यायला तयार असायचे, मीच सोडत नव्हते. या वेळी मास्तरांना गोळीची वेळ समजावून सांगितली, खिशात साखरेची पुडी दिली, चक्कर आली तर खायची. पोरगी सकाळी लाल रिबिनी बांधून एसटीत चढली. मी खिडकीखाली उभी होते. वाटलं, आता रडेल, हात पुढे करील, आई म्हणेल. तिला मैत्रिणीनं खिडकीची जागा दिली नव्हती आणि त्यावरून दोघींचं भांडण चाललं होतं. गाडी सुटली. मी मारुतीच्या पारापर्यंत गाडीमागं चालत गेले.

दादा, तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. मी तिथं उभी राहून इतकी हसले, की पारावरची माणसं बघायला लागली.

तुमची बहीण
उषा